चपळ आणि गूढ तलवारबाजासाठी क्लास कसा निवडावा: कोकणातल्या मोहिमेच्या निमित्ताने

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात नवा खेळाडू आपल्या पात्राची कल्पना सांगू लागला, की ती पुष्कळदा एकाच वळणाची निघते. अंगावर जड चिलखत नाही, हातात एक तलवार, पाय एका जागी ठरत नाहीत आणि पात्यामागे काहीतरी मांत्रिक किंवा दैवी बळ आहे. कल्पना चांगली आहे. पण डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हे एकच वर्णन माँकला, विझर्डला, बार्डला, रोगला (चोरट्या पावलांच्या भामट्याला), फायटरला आणि वॉरलॉकलाही लागू पडते. त्यांतला कोणता क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घ्यावा हे नावाच्या रुबाबावरून ठरवले, तर तिसऱ्या-चौथ्या सत्रात पात्र कागदावर एक आणि प्रत्यक्ष खेळात दुसरेच असल्याचे ध्यानात येते.

येथे मोहीम कोकण किनाऱ्यावर घडते असे धरले आहे. काळ कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा, म्हणजे १७२९ च्या आधीचा. लढाया गलबताच्या अरुंद फळ्यांवर, खाडीकाठच्या खारफुटीत, उघड्या कातळसड्यावर आणि ओहोटीला पायी गाठता येणाऱ्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी होणार. जागेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण चपळाईची किंमत जागेवर ठरते. सपाट दालनात एका पाळीला तीस फुटांची चाल पुरेशी असते. खारफुटीच्या चिखलाला डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने, अवघड जमीन ठरवले, की प्रत्येक फुटाला दोन फूट खर्ची पडतात आणि तीच चाल पंधरावर येते.

निवडीपूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. पहिली म्हणजे गूढ बळाचा उगम. ते साधनेतून आले असेल तर दुसरा महत्त्वाचा गुण विस्डम (अंतर्दृष्टी), अभ्यासातून आले असेल तर इंटेलिजन्स (बुद्धी), आणि कुणाशी केलेल्या करारातून किंवा कलेतून आले असेल तर करिझ्मा (प्रभाव). डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, सर्वांना लागतेच. १५, १४, १३, १२, १०, ८ ही ठरावीक संख्यामालिका घेऊन १५ मध्ये १ आणि १४ मध्ये २ मिळवले, तर डेक्स्टेरिटी आणि हा दुसरा गुण दोन्ही १६ होतात (गणितात अधिक ३) आणि १३ (अधिक १) कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे काटकपणाला, ठेवता येतात. पुढची सारी गणिते याच आकड्यांवर आणि, वेगळे सांगितले नसेल तिथे, २०१४ च्या जुन्या नियमांवर केली आहेत.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि माझ्या मते निवड तिच्यावरच ठरायला हवी. एका पाळीत मुख्य ॲक्शनखेरीज बोनस ॲक्शन, म्हणजे छोटी जादा कृती, एकच मिळते. गूढ तलवारबाजाची जवळजवळ सगळी आकर्षक कौशल्ये, म्हणजे दुसऱ्या हाताचा वार, निसटून जाणे, शाप लावणे, अंगात बळ संचारणे, याच एका जागेसाठी भांडत असतात. पात्राच्या कल्पनेत तुम्हांला जी हालचाल प्रत्येक पाळीत दिसते, तिला बोनस ॲक्शन मिळते आहे का, हे आधी पाहावे. तिच्या वाटेत दुसरे काही येत असेल, तर क्लास कितीही शोभिवंत असला तरी तो या पात्राचा नव्हे.

साधनेच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी माँक हा पहिला विचार असतो आणि तो रास्त आहे. चिलखत नसताना त्याचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला शत्रूने फाशावर गाठायची संख्या, १० अधिक डेक्स्टेरिटी अधिक विस्डम, म्हणजे आपल्या आकड्यांनी पहिल्याच लेव्हलला १६ होतो. दुसऱ्या लेव्हलपासून चाल दहा फुटांनी वाढते. बोनस ॲक्शन कुठे जाणार हेही स्वच्छ आहे: हातापायाचा जादा प्रहार, किंवा ‘की’ नावाची साधनाशक्ती खर्चून दोन प्रहार, किंवा निसटणे. तलवारीसाठी २०१७ च्या झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग या पुरवणी पुस्तकातला केन्सेई हा सबक्लास (क्लासची शाखा) तिसऱ्या लेव्हलला घ्यावा. तो एरवी डेक्स्टेरिटीने न चालणारी लाँगसोर्डही माँकचे शस्त्र म्हणून वापरू देतो. तेव्हा आपल्या पात्राला युरोपी पात्याची सरळ फिरंग देण्याची उत्तम सोय होते. केन्सेईचे खरे मर्म मात्र त्याच्या बचावात आहे. मुख्य ॲक्शनमध्ये एक प्रहार हातापायाने केला आणि तलवार हातात असली, तर पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास दोनने वाढतो. पाचव्या लेव्हलपूर्वी मुख्य ॲक्शनमध्ये प्रहार एकच असल्यामुळे हा बचाव घ्यायचा तर त्या पाळीत तलवारीचा वार राहून जातो. तलवारबाजाला हे खटकेल. पाचव्या लेव्हलला दुसरा प्रहार मिळाला, की एक वार पात्याचा आणि एक लाथेचा असा डौल जुळतो आणि केन्सेई खरा वाटू लागतो.

२०२४ चे नवे नियम वापरणाऱ्या गटांनी एक फरक लक्षात घ्यावा. जुन्या नियमांत माँकच्या शस्त्रांमध्ये शॉर्टसोर्ड होती, सिमिटार नव्हती. नव्या नियमांत हलकी मार्शल शस्त्रेही त्याच्या यादीत आली, त्यामुळे सिमिटारच्या आकड्यांची वाकडी समशेर माँकला कोणत्याही सबक्लासशिवाय मिळते. केन्सेई नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे मूळ नियमपुस्तकात, नाही. जुना सबक्लास चालेल का, हे डीएमला विचारूनच पुढे जावे.

किनाऱ्यावरच्या मोहिमेत माँकला नवव्या लेव्हलला जे मिळते, त्याला तोड नाही. तो आपल्या पाळीतल्या हालचालीत उभ्या भिंतीवरून आणि पाण्यावरून धावू शकतो. त्या वेळी त्याची चाल पंचेचाळीस फूट असते. बोनस ॲक्शनने आणखी तितकेच धावले, तर नव्वद फुटांवरच्या शत्रूच्या गलबतावर तो पाण्यावरून पोहोचतो आणि मुख्य ॲक्शनचे वार अजून शिल्लकच असतात. अट एवढीच, की पाळी संपताना पायाखाली काहीतरी घट्ट हवे. नाहीतर खाडी आहेच. मोहीम नवव्या लेव्हलपर्यंत जाणार असेल, तर मी तरी इतर पर्यायांकडे फारसा वळणार नाही.

अभ्यासाच्या वाटेवर ब्लेडसिंगर हा विझर्डचा सबक्लास आहे. २०१५ मध्ये तो आला तेव्हा मुळात एल्फ आणि हाफ-एल्फ पात्रांपुरता होता. २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकाने ती अट काढली. त्याच्या गूढतेला कोकणात सुंदर आधार मिळतो. रत्नागिरी-राजापूर परिसरातल्या सड्यांवरची कातळशिल्पे, उदाहरणार्थ कशेळीचा प्रचंड हत्ती किंवा बारसूच्या सड्यावरच्या आकृती, हीच या तलवारबाजाची पाठशाळा मानता येते. त्या रेषांवर पावले टाकत तो विद्या शिकला, ही पार्श्वभूमी डीएमलाही कथेचे धागे पुरवते. जादूची पोथी कोकणच्या पावसात कोरडी कशी राहते, हा प्रश्न एखादा खट्याळ डीएम विचारीलच; तेव्हा मेणकापडाची तरतूद सामानाच्या यादीत करून ठेवावी.

त्याची गणिते पाहण्यासारखी आहेत. मेज आर्मर या मंत्राने १३ अधिक डेक्स्टेरिटी म्हणजे १६, त्यावर ब्लेडसाँग ही त्याची खास विद्या सुरू केल्यावर इंटेलिजन्सचे ३, असा आर्मर क्लास १९ होतो. आणि शील्ड हा मंत्र रिॲक्शनने, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतल्या झटपट प्रतिकृतीने, टाकला तर त्या फेरीपुरता २४. समोर ओगर या राक्षसाच्या आकड्यांचा खवीस उभा आहे असे समजा. त्याच्या वीस बाजूंच्या फाशात ६ मिळवले जातात, म्हणून १६ आर्मर क्लासच्या माँकला तो शंभरात ५५ वेळा लागतो, ब्लेडसाँग म्हणणाऱ्याला ४० वेळा आणि शील्ड टाकलेल्याला केवळ १५ वेळा. पण त्याचा एक फटका सरासरी १३ चा आहे आणि दुसऱ्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट (इजा सोसण्याचे बळ) सरासरीने १२ भरतात. माँकचे १५ असतात, म्हणजे तो एक फटका खाऊन उभा राहतो. ब्लेडसिंगरला चुकायला जागा नाही. त्याची चपळाई मोडली की सारेच मोडते.

बोनस ॲक्शनच्या दृष्टीने मात्र हा सबक्लास फार सुटसुटीत आहे. ब्लेडसाँग एकदा सुरू केले की एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकते. त्यानंतर जागा मोकळी. उणीव अशी, की तलवारीने दोनदा वार करण्याची क्षमता सहाव्या लेव्हलला येते. तेव्हाच त्यांपैकी एका वाराऐवजी कँट्रिप, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणारा छोटा मंत्र, टाकण्याची मुभाही मिळते आणि कल्पनेतला तलवारबाज खरा उतरतो. तोवर तो तलवार बाळगणारा विझर्डच असतो. म्हणून मोहीम पहिल्या लेव्हलपासून सुरू होणार असेल तर नवख्याने ब्लेडसिंगर घेऊ नये; सहाव्यापासून असेल तर अवश्य घ्यावा.

करिझ्माच्या वाटेवर दोन अगदी भिन्न पात्रे उभी राहतात आणि त्यांतल्या एकाविषयी माझा पक्षपात आहे, तो आधीच सांगून टाकतो. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार ज्याने रात्रभर बसून पाहिला आहे, त्याला कॉलेज ऑफ सोर्ड्सचा बार्ड समजावून सांगावा लागत नाही. पखवाज आणि झांज चढत जाते, दोन राजे तलवारी फिरवत एकमेकांभोवती गिरक्या घेतात, आणि संवाद लिहिलेला नसताना तोंडातून घडत जातो. हा सबक्लास नेमका तोच आहे. तिसऱ्या लेव्हलला तो मिळतो. हल्ल्याची ॲक्शन घेतली की चाल त्या पाळीत दहा फुटांनी वाढते. तलवारच जादूचे साधन म्हणून चालते. आणि प्रेरणेचा फासा खर्चून वाराबरोबर गिरकी घेता येते. बचावाच्या गिरकीत त्या फाशाची संख्या इजेतही मिळते आणि पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लासमध्येही मिळते. या गिरक्यांना बोनस ॲक्शन लागत नाही, हे विशेष.

दोष लपवण्यासारखा नाही. आपल्या आकड्यांनी फासे तीनच, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत ते दीर्घ विश्रांतीशिवाय परत येत नाहीत. तेच फासे साथीदारांना द्यायचे असतात, त्यामुळे गटात आप्पलपोटेपणाची कुजबुज होऊ शकते. पाचव्या लेव्हलनंतर छोट्या विश्रांतीनेही फासे परततात. दुसरा वार सहाव्याला. तरीही लढाईबाहेरच्या प्रसंगांत, म्हणजे बंदरावरच्या जकातदाराला पटवणे, गावच्या मानकऱ्यांसमोर बोलणे, सिद्दीच्या हेराला बोलता करणे, हा तलवारबाज बाकीच्यांना मागे टाकतो, आणि किनाऱ्यावरच्या कथेत असे प्रसंग लढायांपेक्षा जास्त येतात. नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये हे कॉलेज नसून नृत्याचे कॉलेज आहे; ते चपळ आहे, पण त्याचा भर तलवारीवर नाही.

दुसरे पात्र हेक्सब्लेड वॉरलॉकचे. वाडीच्या राखणदाराशी करार केलेला, त्याची राखण न चुकवणारा आणि त्या बदल्यात तलवारीत त्याचे बळ वागवणारा माणूस ही कल्पना कोकणाच्या मातीतली आहे, आणि पहिल्याच लेव्हलपासून करिझ्मावर तलवार चालत असल्याने आकडेही जुळतात. परंतु येथे आपली कसोटी लावून पाहावी. हेक्सब्लेडचा शाप बोनस ॲक्शनने लागतो, हेक्स हा मंत्रही बोनस ॲक्शनने पडतो, आणि शत्रू मेला की हेक्स दुसऱ्यावर हलवायलाही बोनस ॲक्शनच लागते. त्यात मध्यम चिलखत आणि ढाल मिळत असल्यामुळे डेक्स्टेरिटी १४ वर थांबवणेच शहाणपणाचे ठरते. परिणामी गूढता भरपूर येते, चपळाई येत नाही. ज्याला भारदस्त, ठाम उभा राहणारा झपाटलेला माणूस हवा आहे त्याने तो जरूर घ्यावा. जाता जाता एक विनंती: राखणदार कल्पित वाडीचा असावा. टेबलावरच्या कुणाच्या घरी ज्या देवाला खरोखर गाऱ्हाणे घातले जाते, त्याला त्या घरच्या माणसाची संमती न घेता खेळात आणू नये.

रोगला गूढ म्हणून कुणी मोजत नाही, आणि येथेच सर्वांत काटकसरीचा पर्याय निसटतो. तिसऱ्या लेव्हलचा आर्केन ट्रिक्स्टर विझर्डच्या यादीतून बूमिंग ब्लेड हे कँट्रिप घेऊ शकतो. मुख्य ॲक्शनने ते टाकून रेपियरचा, म्हणजे सडपातळ सरळ तलवारीचा, वार करावा. शेजारी साथीदार उभा असेल तर त्याच वारावर स्नीक अटॅकच्या जादा इजेचे दोन फासे मिळतात. मग दुसऱ्या लेव्हललाच आलेल्या कनिंग ॲक्शनने, म्हणजे बोनस ॲक्शनने, शत्रूच्या आवाक्यातून विनाधोका बाहेर पडावे. शत्रू स्वतःहून पाठलागाला निघाला की पात्यावरून त्याच्या अंगावर गेलेला नाद फुटतो आणि त्याला आणखी इजा होते. वार, जादू आणि निसटणे ही तिन्ही एका पाळीत बसली आणि एकमेकांच्या आड आली नाहीत. गलबताच्या अरुंद डेकवर, जिथे शत्रूला वळसा घालायला जागा नसते, तिथे हे फार त्रासदायक ठरते. रोगला दुसरा वार कधीच मिळत नाही, त्यामुळे कँट्रिपसाठी त्याने काही गमावलेले नसते. स्वॅशबकलर हा दुसरा सबक्लास पायांच्या हालचालीत अधिक सरस आहे, पण त्यात मंत्रतंत्र काहीच नाही.

एल्ड्रिच नाइट या फायटरकडे लोक कोरडा म्हणून पाहतात. कोकणात त्याची एक खुबी उपयोगी पडते: विधीने बांधलेली तलवार हातून सुटून खाडीच्या तळाशी गेली, तरी बोनस ॲक्शनने ती हातात परत येते. दुसऱ्या लेव्हलला त्याचे हिट पॉइंट १८ असतात, विझर्डच्या दीडपट. २०२४ च्या नियमांत सिमिटारवर निक हे प्रावीण्य घेतले, तर दुसऱ्या हाताचा वार मुख्य ॲक्शनमध्येच उरकतो आणि बोनस ॲक्शन मोकळी राहते. मात्र दोन्ही हातांत शस्त्र असताना शील्डसारख्या मंत्राला लागणारा मोकळा हात उरत नाही. वॉर कास्टर हे फीट (जादा खुबी) घेतल्याखेरीज तो मंत्र टाकता येत नाही. देवराई राखणारा रेंजरही वाईट नाही, परंतु हंटर्स मार्क हा त्याचा मंत्र बोनस ॲक्शन आणि कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येणारे लक्ष) दोन्ही खात असल्याने मी त्याला मागे ठेवतो. पॅलॅडिन रेपियरने खेळता येतो, पण त्याची घडण उभ्या टकरीची आहे.

मराठी खेळाडूंना दांडपट्टा हवाच असतो, आणि नियमपुस्तकात तो नाही. माझ्या मते त्याला रेपियरचे आकडे द्यावेत, इजा कापण्याची धरावी, आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या खोळीमुळे तो हातातून पाडता येत नाही असे ठरवावे. या लाभाची भरपाई म्हणून तो हात दुसऱ्या कशालाही मोकळा नाही आणि पट्टा चढवायला पूर्ण ॲक्शन लागते, एवढे बंधन पुरते. ब्लेडसिंगरने एका हातात पट्टा घातला तर दुसरा हात मंत्रांना राहतो, म्हणून ती जोडी चांगली जमते. पाण्यात उतरायची वेळ येणार असेल तर आणखी एक नियम ठाऊक असावा: जुन्या नियमांत पोहण्याची चाल नसलेल्याला पाण्याखाली सिमिटार आणि रेपियर दोन्हींवर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला कमी आकडा धरणे) मिळतो, शॉर्टसोर्डवर आणि खंजिरावर मिळत नाही. कमरेला एक खंजीर असू द्यावा. पाण्यात बुडालेल्या शत्रूवर आगीचे मंत्रही निम्मेच चालतात.

दोन क्लास एकत्र करण्याचा मोह या पात्राच्या बाबतीत फार होतो, कारण प्रत्येकात काहीतरी हवेसे असते. तो पाचव्या, आणि ब्लेडसिंगर किंवा बार्ड असेल तर सहाव्या लेव्हलपर्यंत आवरावा. दुसरा वार मिळण्याआधी वाट बदलली, तर बाकीचे साथीदार दोनदा वार करत असताना आपण बराच काळ एकावरच राहतो. आणि दोन क्लासमधून आलेले दुसरे वार एकमेकांत मिळवले जात नाहीत. शिवाय माँक मिसळायचा तर डेक्स्टेरिटी आणि विस्डम दोन्ही किमान १३ लागतात, त्यामुळे करिझ्मावर चालणाऱ्या पात्राचे गुण पातळ होत जातात.

पाथफाइंडर या वेगळ्या रोलप्लेइंग खेळाची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. तिथला मॅगस हा क्लास वार आणि मंत्र एकाच हालचालीत गुंफण्यासाठीच घडवलेला आहे, आणि त्याची लाफिंग शॅडो ही शाखा एक हात मोकळा ठेवून वेगाने हलणाऱ्या तलवारबाजाची आहे.

दोन पर्यायांत मन अडकले असेल, तर पहिल्या सत्राआधी डीएमकडून सुरुवातीची लेव्हल, वापरायचे नियम आणि मोहीम साधारण कुठवर जाणार हे विचारून घ्यावे. मग चौकटीच्या कागदावर वीस फूट रुंद आणि साठ फूट लांब गलबत आखून, तीन साधे शत्रू ठेवून, दोन्ही पात्रांच्या पाच-पाच फेऱ्या एकट्याने खेळून पाहाव्यात. प्रत्येक फेरीपुढे बोनस ॲक्शन कशावर गेली आणि पात्र किती फूट हलले, एवढेच लिहावे. ज्या कागदावर बोनस ॲक्शनच्या रकान्यात खाडाखोड कमी आणि फुटांचा आकडा मोठा दिसेल, तो कागद पहिल्या सत्राला घेऊन जावा.